टिनपॉटच्या कोपऱ्यावरचा माणूस

हे लिहू नकोस, असं मला क्लबनं लेखी कळवलंय.

म्हणून लिहितेय.

घटना खरी आहे. १ जून २०२४, शनिवार. दुपारचे दोन वाजून पाच मिनिटं. हो, दुपारचे. रात्र नव्हती, अमावास्या नव्हती, मी एकटीदुकटी जंगलात भटकत नव्हते. ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियाच्या डोंगरात, टिनपॉट जंक्शन नावाच्या जागी ही गोष्ट घडली. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. मी कुणाच्या मिनतवाऱ्या करणार नाही.

मी सुलभा. बावीस वर्षं गिप्सलँडमधल्या एका लहानशा गावात शाळेची बस चालवते. इथं माझं 'सली' कधी झालं ते मलाही आठवत नाही. आणि पंधरा वर्षं मी गावच्या फोर-व्हील ड्राइव्ह क्लबात आहे. चिखल, दगड, नद्या, बर्फ, सगळीकडं गाडी घातली आहे. घाबरट बाई नाही मी.

आमच्या क्लबची एक पद्धत आहे. ती आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

दहा-बारा गाड्या एकामागं एक निघतात. सगळ्यात पुढं म्होरक्या. सगळ्यात मागं जी गाडी असते तिला आम्ही 'टेल' म्हणतो. जिथं रस्त्याला फाटा फुटतो, तिथं म्होरक्या आपल्या लगेच मागच्या गाडीला थांबवतो. त्या गाडीचा माणूस खाली उतरतो, कोपऱ्यावर उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हातानं दिशा दाखवतो. शेवटी टेल येते. टेलनं सांगायचं, "मी शेवटची." मग कोपरा सुटला. मग तो माणूस टेलच्या पुढं लागतो आणि निघतो.

टेल आल्याशिवाय कोपऱ्यावरच्या माणसानं हलायचं नाही. आणि कोपऱ्यावरच्या माणसाशी वाद घालायचा नाही. नकाशा काहीही सांगो, तो दाखवेल तिकडं वळायचं.

त्या दिवशी टेल मी होते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर डोंगरातले रस्ते सरकार बंद करतं, ते एकदम नोव्हेंबरात उघडतात. त्याआधीची बर्फातली शेवटची सहल म्हणून सकाळी आम्ही पेट्रोल पंपावर जमलो. बारा गाड्या. म्होरक्या वॉरेन. वय एकोणसत्तर, तीस वर्षं क्लबचा अध्यक्ष, आवाज खणखणीत. गावात त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नाही.

माझ्या पुढची गाडी टीगनची होती. टीगन नर्स आहे, क्लबात नवीन, बर्फात पहिल्यांदाच गाडी घालत होती. बरोबर तिची आई, गेल. वय चौऱ्याहत्तर, तोंडाची टकळी अखंड चालू.

"कोपऱ्यावरच्या माणसाशी वाद नाही हं," मी टीगनला बजावलं. "आणि स्वतः कोपऱ्यावर राहिलीस तर रेडिओकडं कान ठेव. नेव्हिल करू नकोस."

"नेव्हिल कोण?" गेलनं विचारलं.

मी हसत हसत सांगितलं. १९९१ साली नेव्हिल नावाचा एक सभासद कोपऱ्यावर उभा होता. मधेच टेल बदलली. रेडिओवर सगळ्यांना सांगितलं. यानंही "ऐकलं" म्हणून उत्तर दिलं. तरी हट्टानं तिथंच उभा राहिला, का ते देव जाणे. तिसऱ्या दिवशी सापडला. गाडीत नव्हता. बर्फात, झाडाला टेकून बसलेला.

"शी! मेलेल्या माणसावर कसले विनोद करता?" गेल म्हणाली.

"क्लबात सगळेच म्हणतात," मी म्हटलं.

वॉरेन शेजारीच उभा होता. हातातला कॉफीचा कप त्यानं तसाच ओतून दिला.

जेवायला वरच्या झोपडीपाशी थांबलो. पावात सॉसेज, भोपळ्याचं सूप, कुणीतरी आणलेला फळांचा केक. गेलनं आयुष्यात पहिल्यांदा बर्फ हातात घेतला आणि तो वॉरेनच्या मानेत सोडला. सगळे खदखदून हसले.

उतरायचा नेहमीचा रस्ता पडलेल्या झाडानं बंद होता. वॉरेननं बराच वेळ नकाशा पाहिला. मग रेडिओवर म्हणाला, "टिनपॉटवरून जाऊ. फाट्यावर उजवीकडं. सरळ रस्ता आहे, कोपऱ्यावर कुणाला ठेवत नाही. मागच्याचे दिवे सोडू नका."

पंधरा वर्षांत आम्ही टिनपॉटवरून एकदाही गेलो नव्हतो. का नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं.

आणि तेवढ्यात धुकं आलं...

नुसतं धुकं नव्हे. वर पांढरं, खाली पांढरं, मधे वणव्यात जळून पांढरी पडलेली झाडं. गाडीच्या नाकापुढं दहा पावलं दिसेना. त्यात बर्फासाठी मागच्या चाकावर चढवलेली माझी साखळी सैल झाली. मी उतरून ती आवळली. पाच मिनिटं गेली असतील. नेमक्या त्याच पाच मिनिटांत टीगन दिसेनाशी झाली.

"टीगन, कुठं पोचलीस?"

रेडिओ खरखरला.

"सली, फाटा आलाय. कोपऱ्यावर माणूस आहे. वळतेय." मागून गेलचा आवाज आला, "किती गारठलाय बिचारा! त्याला केक देऊ का?"

मला बरं वाटलं. वॉरेनला सुचलं म्हणायचं, ठेवला कुणालातरी.

फाट्यावर पोचले तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. घड्याळ पाहिलं म्हणून ठामपणे सांगते.

तो उभा होता.

उंच. जुना मेणकापडी कोट, घोट्यापर्यंत. डोक्याला केशरी लोकरीची टोपी. मागं धुक्यात एक चौकोनी, जुन्या बांधणीची गाडी. तोंड माझ्याकडं, उजवा हात खांद्याच्या रेषेत माझ्या डावीकडं लांब केलेला.

डावीकडं.

वॉरेननं तर उजवीकडं सांगितलं होतं.

मी काच खाली केली. "मी शेवटची! कोपरा सुटला. चल, लाग पुढं."

तो हलला नाही.

त्याच्या हातावर चार बोटं बर्फ साचला होता. मनगटापासून खांद्यापर्यंत, एकसारखा, कुठंही न फुटलेला. एवढा बर्फ साचायला तास लागतात. आणि तेवढ्या वेळात हात जरासुद्धा हललेला नव्हता...

मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. माझ्या श्वासाची वाफ निघत होती. त्याची निघत नव्हती.

पायाकडं पाहिलं. आजूबाजूला एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

मग रस्त्याकडं पाहिलं. उजवीकडं बऱ्याच चाकांच्या बुजत चाललेल्या खुणा. डावीकडं एकाच गाडीच्या ताज्या खुणा.

टीगन!

"वॉरेन, टिनपॉटच्या कोपऱ्यावर कुणाला ठेवलंस?"

"कुणाला नाही. का?"

"इथं एक माणूस उभा आहे. डावीकडं हात करून. टीगन डावीकडं गेलीय."

रेडिओवर नुसती खरखर.

"डावीकडं रस्ता नाही, सली." वॉरेनचा खणखणीत आवाज पार बसला होता. "आमचा जुना रस्ता तो, वणव्यानंतर कड्यासकट वाहून गेला. चारशे मीटरवर संपतो."

पुढं मी ऐकलंच नाही. गाडी डावीकडं घातली. त्या माणसाच्या बोटांशेजारून गेले, अक्षरशः.

टीगनला हाक मारत होते. ती दरीच्या बाजूला उतरलेली, तिचा रेडिओ लागत नव्हता.

नशीब एवढंच की ती नवीन होती आणि गोगलगायीसारखी चालवत होती. तिची गाडी सापडली तेव्हा पुढचं डावं चाक हवेत होतं. खाली काय होतं ते दिसत नव्हतं, नुसतं पांढरं. दोघी बाहेर पडल्या होत्या. गेल रस्त्याकडेच्या ओढ्यात घसरून गुडघ्यापर्यंत भिजली होती, दात वाजत होते. तिची टकळी थांबली होती, तीच मला जास्त भीतीची गोष्ट वाटली.

गाडी जाड पट्ट्यानं झाडाला बांधून टाकली आणि दोघींना माझ्या गाडीत घेतलं. हीटर पूर्ण सोडला.

टीगन रडत रडत माझ्यावर खेकसली. "त्यानंच दाखवलं! तूच म्हणालीस, वाद घालायचा नाही! तूच!"

तोंडात मारल्यासारखं झालं. खरं होतं. मीच म्हणाले होते.

वर आलो. तो तिथंच होता. हात तसाच. मी त्याच्याकडं न बघता गाडी उजवीकडं वळवली. पुढच्या गाड्यांच्या खुणा दिसत होत्या, त्यांच्यावर चाकं ठेवली. एक किलोमीटर गेले. रस्ता सरळ होता, एकही वळण नव्हतं.

मग समोर धुक्यात काहीतरी केशरी दिसलं...

टोपी.

"सली," टीगन म्हणाली, "आपण परत कशा आलो?"

मी गिअर टाकला. पुन्हा उजवीकडं घेतली. या वेळी मीटर बघत. एक किलोमीटर दोनशे. खुणा ताज्या दिसायला लागल्या, मला हायसं वाटलं. मग लक्षात आलं, त्या माझ्याच साखळीच्या होत्या.

आणि समोर तो. हात डावीकडं.

लहानपणी आमच्याकडं म्हणायचे, अमक्याला चकवा लागला, रात्रभर एकाच शेतात फिरत होता. मी हसायचे. आता दहा हजार किलोमीटर लांब, भर दुपारी, दोन बायकांना घेऊन मी चकव्यात सापडले होते. तिसऱ्यांदा गेले. तिसऱ्यांदाही तिथंच आले.

तीन वाजले होते. पाचला अंधार. गेलचे ओठ निळे पडायला लागले होते.

"सरळ सांग, पोरी," गेल हळूच म्हणाली. "तो माणूस जिवंत नाही ना?"

"नाही."

"वाटलंच. केक घेतला नाही त्यानं." आणि तिनं डोळे मिटले. टीगन तिची नाडी धरून बसली. माझ्याकडं बघून तिनं नुसती मान हलवली. फार वेळ नाही, असा त्याचा अर्थ.

माझी पाचावर धारण बसली होती, ते कबूल करते. पण त्याहून जास्त मला राग आला. कुणी मेलेला असो नाहीतर जिवंत, माझ्या गाडीतल्या म्हातारीला तो असा गारठवून मारणार? माझ्या देखत?

मी खाली उतरले. टीगन ओरडत होती, जाऊ नको म्हणून. गेले. त्याच्या पुढ्यात, दोन हातांच्या अंतरावर उभी राहिले.

"मी टेल आहे! मी शेवटची! कोपरा सुटला, ऐकू येतंय का?" इंग्रजीत ओरडले. मग माझ्या भाषेत आले. "मेल्या, हात खाली कर!"

मेला होताच तो. पण रागात तेच तोंडातून निघालं.

काही नाही. वारा नाही, पक्षी नाही. माझ्या गाडीचं इंजिन चालू होतं, त्याचाही आवाज तिथं येत नव्हता.

मग माझं त्याच्या डोळ्यांकडं लक्ष गेलं. त्यात राग नव्हता. ते माझ्याकडं बघतच नव्हते. माझ्या खांद्यावरून, मागच्या रस्त्याकडं लागलेले... बसमधून शाळेची शेवटची पोरं उतरवायला जाते ना, तेव्हा आई-बापांचे डोळे तसे असतात. कुणाची तरी वाट बघणारे.

तो शेवटच्या गाडीची वाट बघत होता. पण ती गाडी मी नव्हते. त्याला सकाळी कुणा दुसऱ्याचं नाव सांगितलेलं होतं.

केशरी टोपी, क्लबातल्या जुन्या फोटोत होती तीच. एकोणीसशे एक्क्याण्णव.

मी गाडीत आले. रेडिओ उचलला.

"वॉरेन. हा नेव्हिल आहे."

खरखर.

"वॉरेन, त्या दिवशी टेल कोण होतं?"

"सली, तू घाबरलीयस. चॅनेल मोकळं कर. आम्ही तुला शोधायला माणसं—"

"टेल कोण होतं?"

उत्तर आलं. "मी."

बाकीच्या नऊ गाड्या ऐकत होत्या. सगळ्यांचे रेडिओ एकाच चॅनेलवर.

"जेवणानंतर माझा गिअरबॉक्स गेला," वॉरेन भराभर बोलायला लागला. "मी कसाबसा मागच्या वाटेनं उतरलो. दुसऱ्या गाडीला टेल केलं. तिनं जाताना त्याला हात केला, पण त्याला वाटलं ती मधलीच कुणी आहे. रात्री पबमधे सगळ्यांना वाटलं, तो माझ्याबरोबर गेला. मला वाटलं, तो त्यांच्याबरोबर आहे. कुणाचीच चूक नव्हती, सली. कुणाचीच."

"मग त्याला सांग. तू टेल आहेस ना? त्याचा कोपरा तूच सोडवायचा."

"हा काय मूर्खपणा—"

"गेल मरायला टेकलीय, वॉरेन. माझ्याशी वाद घालू नकोस. बोल."

मी रेडिओचा आवाज पूर्ण मोठा केला आणि काच खाली केली.

"नेव्हिल..." वॉरेनचा आवाज त्या पांढऱ्यात घुमला. "मी वॉरेन. शेवटची गाडी माझी. कोपरा सुटला. तू ये आता."

नेव्हिलची मान वळली.

सावकाश. रेडिओच्या दिशेनं.

पण हात... हात तसाच होता.

टीगननं माझा दंड घट्ट धरला. मी विचार करत होते. नाव बरोबर आहे, टेल बरोबर आहे, मग अडलंय कुठं? आणि मला सकाळचे माझेच शब्द आठवले. यानंही "ऐकलं" म्हणून उत्तर दिलं.

"वॉरेन," मी विचारलं, "टेल बदलल्याचं रेडिओवर सांगितलंस. तेव्हा नेव्हिल 'ऐकलं' म्हणाला होता का?"

खरखर.

"चौकशीत तू तसं सांगितलंस. त्यावरून सगळं ठरलं. खरंच म्हणाला होता का?"

"तेहतीस वर्षं झाली, सली."

"म्हणाला होता का?"

"सगळे ऐकतायत, सली..." तो जवळजवळ विनवत होता.

"ऐकू देत ना! त्याच्या बायकोनं लोकांचं ऐकून घेतलं. तुझा नवरा हट्टी होता म्हणून मेला, असं तोंडावर ऐकून घेतलं. मी स्वतः आज सकाळी त्याच्यावर विनोद केलाय. तू शेजारी उभा होतास. मूग गिळून!"

गेलचं डोकं टीगनच्या खांद्यावरून घसरलं. टीगन किंचाळली, "आई!"

तो आवाज रेडिओवर गेला. बहुतेक त्यानंच वॉरेन मोडला.

"नव्हता म्हणाला." तो रडत होता. एकोणसत्तर वर्षांचा गडी, दहा गाड्यांसमोर. "मी तीनदा सांगितलं, उत्तर आलं नाही. जाऊन बघायला हवं होतं, मला जायचा कंटाळा आला. नंतर घाबरलो. खोटं बोललो. नेव्हिल, तू हट्ट नव्हता केलास. तू बरोबर होतास. तू सांगितलं तेच करत होतास."

एक आवाज आला.

भस्स...

त्याच्या हातावरचा बर्फ खाली पडला होता.

हात खाली आला. त्यानं कोपर दोनदा दुमडून बघितलं, अवघडलेला हात आपण मोकळा करतो ना, तसं. मग तो वळला आणि धुक्यातल्या त्या गाडीकडं चालू लागला. पावलं उमटली नाहीत. गाडीचं दार लागल्याचा आवाज मात्र तिघींनी ऐकला. शुद्धीवर आलेली गेलसुद्धा आजही तसंच सांगते.

मी वाट बघितली. पद्धत म्हणजे पद्धत. कोपऱ्यावरचा माणूस टेलच्या पुढं लागतो.

तो पुढं लागला नाही. मी थोडं थांबून उजवीकडं वळले. एक किलोमीटर, सव्वा, दीड, दोन. रस्ता पुढं जात राहिला. धुक्यात झाडं येत होती, नवीन झाडं. मला रडू फुटलं.

"सली," मागून गेल म्हणाली. आवाज बारीक होता, पण होता. "आपल्या मागं कोण आहे?"

आरशात पाहिलं.

दोन गोल, पिवळे दिवे. पुरतं अंतर ठेवून. मी हळू केलं की हळू होत होते.

खाली, बर्फ संपतो तिथं, सरकारी फाटक आहे. शेवटच्या गाडीनं ते लावून घ्यायचं असतं. फाटकाच्या अलीकडं-पलीकडं क्लबच्या सगळ्या गाड्या थांबल्या होत्या. गेलला दुसऱ्या गाडीत घालून लगेच दवाखान्यात पाठवलं. ती वाचली. आता मस्त आहे, पुन्हा टकळी चालू आहे.

मी फाटकापाशी उभी राहिले. वॉरेन आला. टोपी हातात, तोंड सुजलेलं.

दिवे आमच्यापासून तीसेक पावलांवर येऊन थांबले होते. धुक्यात दोन पिवळे गोळे. सगळ्यांनी पाहिले. तिथं थांबलेल्या एकूण एक माणसानं पाहिले. आज काही जण म्हणतात, आम्हाला काही दिसलं नाही. म्हणू देत.

"फाटक लाव, सली," वॉरेन पुटपुटला.

"तू लाव," मी म्हटलं.

त्यानं फाटकाला हात घातला. लोखंड धरून उभा राहिला. त्याला ते ढकलवेना. दिवे तसेच. पुढं येत नव्हते, मागं जात नव्हते. काय हवं होतं त्यांना? कुणी काय म्हणायचं बाकी होतं? मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

अंधार पडला तसे दिवे मंद होत गेले. विझले असं म्हणवत नाही. दिसेनासे झाले.

फाटक उघडंच राहिलं. आम्ही सगळे तसेच निघून आलो.

पुढच्या आठवड्यात क्लबची बैठक झाली. मला वाटलं होतं, वॉरेन आता सगळ्यांसमोर बोलेल, चौकशीवाल्यांना लिहील, ते जुनं कागदोपत्री खोटं पुसलं जाईल. वॉरेन उठला आणि म्हणाला, रेडिओवर जे बोललो ते सलीला धीर द्यायला. बाई भेदरली होती, तिला जे ऐकायचं होतं ते ऐकवलं.

खणखणीत आवाजात म्हणाला.

मी सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. तुम्ही ऐकलंत ना? तो रडत होता, ऐकलंत ना? कुणी चहात साखर ढवळत होतं, कुणी बुटांकडं बघत होतं. एकटी टीगन उभी राहिली. "मी ऐकलं," ती म्हणाली. "बुटांकडं बघत बसणाऱ्यांनो, मी ऐकलं." नवीन सभासद, तिला मत नव्हतं.

मी नेव्हिलच्या बायकोला शोधून काढलं. मॉरीन. ब्याऐंशी वर्षांची, किनाऱ्यावरच्या एका वृद्धाश्रमात असते. तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तो तसाच होता. 'ये रे' म्हटल्याशिवाय जेवायच्या टेबलावरसुद्धा बसायचा नाही. हट्टी म्हणे! त्याच्याइतका ऐकणारा माणूस मी पाहिला नाही."

मग तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

डोंगरातले रस्ते आता बंद आहेत. मी बस चालवते. पोरं उतरवून रिकामी बस घेऊन परत येते, तेव्हा आरशात बघायचं टाळते. पण बघते. काही नसतं. तरी वाटतं, पुरतं अंतर ठेवून असेल.

भीती वाटते का? वाटते. पण नोव्हेंबरात फाटक उघडलं की मी जाणार आहे. मॉरीनला घेऊन. क्लब परवानगी देवो न देवो.

आणि क्लबनं मला ते पत्र पाठवलं. दोन मुद्दे होते. एक, या प्रकाराबद्दल कुठंही काही लिहू नये. दोन, सरकारी फाटक रात्रभर उघडं राहिल्याची तक्रार आली आहे. फाटक लावणं ही शेवटच्या गाडीची जबाबदारी असते. ती पार का पाडली नाही, याचा लेखी खुलासा करावा.

पहिल्याचं उत्तर तुम्ही वाचताच आहात.

दुसऱ्याचं उत्तर मी त्यांच्याच कागदावर, खाली सही करून, एका ओळीत दिलं.

'शेवटची गाडी माझी नव्हती.'